तेलाचे सूक्ष्म थेंब मोजताना दिसणारे दुसरे शिखर : माझा अनुभव

सोयाबीन तेलाच्या इमल्शनमधील (पाण्यात विखुरलेल्या तेलाच्या मिश्रणातील) थेंबांचा आकार आम्ही लेसर प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजतो. 632.8 नॅनोमीटर तरंगलांबीचा हीलियम-निऑन लेसर नमुन्यातून जाताना थेंबांच्या ब्राउनियन हालचालीमुळे (द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणाऱ्या अनियमित हालचालीमुळे) विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता सतत कमी-जास्त होते. लहान थेंब वेगाने हलतात, म्हणून हा चढउतारही जलद होतो आणि त्यावरून स्टोक्स-आइन्स्टाइन समीकरणाने व्यास काढता येतो. अडचण अशी होती, की थेंबांच्या आकाराच्या आलेखात 200 नॅनोमीटरजवळच्या शिखराशेजारी काही मायक्रॉनचे दुसरे शिखर कधी उमटे, तर कधी नाहीसे होई.

ते खरे थेंब असते, तर बहुतेक प्रत्येक मोजणीत दिसले असते, त्यामुळे माझा संशय धुळीवर गेला. तरंगलांबीहून बऱ्याच लहान कणांचा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. मोठ्या कणांना हा नियम तंतोतंत लागू नसला, तरी धुळीचा एखादा कण असंख्य थेंबांचा संकेत झाकोळून टाकतो. म्हणून नमुना विरळ करण्याचे पाणी 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घेतले (इमल्शनच गाळले असते, तर मोठे थेंब तिथेच अडकले असते), त्याच पाण्याने क्युव्हेट (नमुना ठेवण्याचे छोटे पारदर्शक पात्र) विसळले आणि बुडबुडे टाळण्यासाठी द्रव कडेने हळूहळू सोडला. दुसरे शिखर नाहीसे झाले.

व्यासात उरलेली किरकोळ तफावत तापमानामुळे होती. थेंबांचा वेग पाण्याच्या श्यानतेवर (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधावर) अवलंबून असतो आणि ही श्यानता 20 अंशांना सुमारे 1.00, तर 25 अंशांना 0.89 मिलिपास्कल-सेकंद असते, त्यामुळे क्युव्हेट ठरलेल्या तापमानाला स्थिरावल्याशिवाय मी मोजणी सुरू करत नाही.