नाताळच्या लायटिंगमध्ये स्ट्रोब लावताय? या चुका टाळा

माळा, चांदणी, गोठा हे तर नाताळला असतंच, पण हल्ली घरच्या डेकोरेशनमध्ये स्ट्रोब पण दिसायला लागलेत, म्हणजे एका झटक्यात लख्खकन पेटून विझणारे पांढरे लाईट. शांत उजळलेल्या गॅलरीत मधेच एका कोपऱ्यात चमक दिसली, मग जरा वेळाने दुसरीकडे दिसली, की नजर जातेच आणि खरंच सुंदर दिसतं. पण हेच लाईट जास्त झाले किंवा फास्ट झाले की रस्त्यावरचा माणूस लगेच मान फिरवतो, आणि आपल्याला घरात बसून त्याचा पत्ताही नसतो. म्हणून आधीच सांगतो, स्ट्रोब लावून झाला की खाली उतरा, गेटबाहेर जा, समोरच्या फुटपाथवरून बघा. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं तिथे उभं राहिल्यावर आपोआप कळतं.

डीजेचा स्ट्रोब घरी आणणं

ही सगळ्यात कॉमन चूक. ओळखीच्या साऊंडवाल्याकडे किंवा मंडपवाल्याकडे स्ट्रोब पडून असतो, तो म्हणतो घेऊन जा, आणि तो थेट गॅलरीच्या ग्रिलला बांधला जातो. अहो पण तो मोठा हॉल नाहीतर मिरवणूक उजळायला बनवलेला असतो, आणि आपल्याकडे समोरची बिल्डिंग असते हाकेच्या अंतरावर, नवी मुंबईतल्या जुन्या सेक्टरांमधल्या रो-हाऊसच्या गल्ल्यांत तर तेवढंही अंतर नसतं. घरासाठी छोटे एलईडी स्ट्रोब बल्ब किंवा साध्या माळेत मधे-मधे चमकणारी एलईडी असते तसली माळ भरपूर झाली. मुंबईच्या लोहार चाळीतून, म्हणजे लाईटच्या सामानाच्या बाजारातून आणणार असाल तर दुकानातच लावून दाखवायला सांगा, आणि बघायचं ते स्पीड कमीत कमी किती होतो हे, जास्त किती होतो ते नाही. ज्याला मागे स्पीडचं बटण किंवा नॉबच नाही तो घेऊ नका.

जुने काचेच्या ट्यूबवाले, म्हणजे झेनॉनचे स्ट्रोब अजून मिळतात. त्यांचा फ्लॅश जबरदस्त असतो पण आत कपॅसिटर असतो आणि तो प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतो. आपल्या २३० व्होल्टच्या लाईनचा पीकच जवळपास ३२५ व्होल्ट जातो, त्यामुळे बंद पडला म्हणून घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेले स्ट्रोब बल्ब असतील तर आधी त्यावरचे आकडे वाचा. तिथली लाईन १२० व्होल्टची, नुसता पिन बदलायचा कन्व्हर्टर लावून आपल्या सॉकेटमध्ये घातले तर पहिल्याच मिनिटाला जातील. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. दुबई-मस्कतहून आलेले असतील तर व्होल्टेजचा प्रश्न येत नाही.

स्पीड, आणि हे जरा नीट वाचा

फास्ट स्ट्रोब नुसता डोळ्यांना त्रास देतो असं नाही, काही जणांना त्याने फिट येऊ शकते. एपिलेप्सी असलेल्या माणसांपैकी साधारण ३ टक्क्यांना चमकत्या लाईटचा त्रास असतो, आणि लहान मुलं, शाळा-कॉलेजातली पोरं यांच्यात हे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं. बऱ्याच जणांना पहिली फिट येईपर्यंत माहीतही नसतं. सेकंदाला ३ ते ३० फ्लॅश हा धोक्याचा पट्टा धरतात, आणि वेबसाईट बनवणाऱ्यांसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यातही सेकंदाला तीनच्या वर फ्लॅश नको असंच आहे. लाल रंग त्यात जास्त वाईट. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळे फ्लॅश सेकंदाला बाराच्या आसपास आले आणि शेकडो मुलांना हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. तेव्हा लाल-निळा स्ट्रोब घराला लावूच नका, कितीही भारी दिसू दे.

आता इथे एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. एक बल्ब सेकंदाला एकदाच चमकतो म्हणून आपण निवांत असतो, पण असे आठ बल्ब लावले आणि प्रत्येकाची वेळ वेगळी असली तर खाली उभ्या माणसाला सेकंदाला आठ फ्लॅश दिसतात. त्यामुळे बल्बवरचा स्पीड बघून उपयोग नाही, सगळे मिळून किती होतात ते मोजायचं. मोबाईलवर दहा सेकंदांचा टायमर लावा, रस्त्यावरून मोजा, पंधरा-वीसच्या आत असले की चांगलं. मोजताच येत नसतील इतके होत असतील तर तेच उत्तर आहे, दोन-तीन बल्ब काढा. माझ्या मते एका गॅलरीला तीन-चार छोटे स्ट्रोब, प्रत्येक तीन-चार सेकंदांनी एकदा, याच्यापुढे जायची गरजच नाही. मिसळीवर तर्री किती घ्यायची याचा अंदाज लागतो तसंच आहे हे, सगळी वाटी तर्रीचीच केली तर खाली मटकी आहे की नाही तेही कळत नाही.

कुणाला खरंच फिट आली तर लाईट लगेच बंद करा, माणसाला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, हातात किल्ल्या देणं, तोंडात चमचा घालणं यातलं काही करायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

तोंड कुठे आहे?

स्ट्रोब समोरच्याच्या बेडरूमकडे किंवा रस्त्याच्या वळणाकडे बघत असेल तर तो कितीही छोटा असला तरी चूकच. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या बाजूच्या सोसायट्यांनी तर हे पाळायलाच हवं, आधीच रात्री समोरून गाड्यांचे अप्पर अंगावर येत असतात. स्ट्रोब पानांच्या मागे लावा, कुंडीत खाली ठेवून भिंतीकडे वळवा, म्हणजे बल्ब न दिसता नुसती चमक दिसते. सरकत्या खिडकीच्या काचेला चिकटवला तर निम्मा उजेड परत आपल्याच हॉलमध्ये येतो.

मागे साध्या माळा चालू असतील तर स्ट्रोब टोचत नाही, पूर्ण अंधारात एकटा चमकला तर मात्र टोचतो. जिन्यात आणि गेटपाशी नुसता स्ट्रोब तर कधीच नको, चमकेच्या मधल्या अंधारात पायरी दिसत नाही आणि म्हातारी माणसं पडतात. वॉर्म व्हाईट माळांमध्ये स्ट्रोबचा निळसर पांढरा उठून दिसतो, तो फरक राहू द्या, छान दिसतो.

रात्रीचं पण बघा. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधून किंवा तुमच्या जवळच्या चर्चमधून मिडनाईट मासनंतर लोक उशिरा घरी येतात, त्यांच्यासाठी माळा, चांदणी चालू ठेवा, पण स्ट्रोबला वेगळा प्लग टायमर लावून दहाला बंद करा. समोरच्या विंगेतल्या आजींनी "बाळा, पडदा ओढला तरी लखलखतं रे" असं सांगायची वेळ येऊ देऊ नका, आणि आली तर त्याच मिनिटाला जाऊन बटण बंद करा.

वायरिंगच्या चुका

डिसेंबरात पाऊस नसतो म्हणून लोक बिनधास्त असतात, पण खाडीकडच्या हवेत पहाटे ग्रिल ओलं झालेलं असतं, हात फिरवून बघा. बाहेरच्या लाईटला किमान आयपी ४४, गच्चीवर असेल तर आयपी ६५ घ्या (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव आहे त्याचा नंबर). लाईट वॉटरप्रूफ असला तरी त्याचा अ‍ॅडाप्टर बहुतेक वेळा नसतो, तो घरात ठेवा. आणि सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधून वायर नेली असेल तर ती एकदा काढून बघा, रोज खिडकी लावून लावून एकाच जागी वायर चपटी होते, मग वरचं प्लास्टिक पांढरं पडतं, मग आतली तांब्याची तार दिसायला लागते, आणि ती लोखंडी ग्रिलला लागली की अख्खं ग्रिल लाईव्ह. घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाईन तोडणारा स्विच असेल तर माळा लावायच्या आधी त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतोय ना ते बघा. नसेल तर वायरमनला बोलवून बसवून घ्या, या एका खर्चात काटकसर नको.

लावलं पण नीट चालत नाहीये

बटण बंद आहे तरी मधेच एखादा फ्लॅश होतो, ही तक्रार खूप येते आणि लोक घाबरतात. बटणातला छोटा इंडिकेटर किंवा टायमर यातून थोडासा करंट जात राहतो, तो कपॅसिटरमध्ये साठतो आणि भरला की चमकतो. बटण फेजच्या (करंट आणणाऱ्या) वायरऐवजी न्यूट्रलच्या (परतीच्या) वायरवर बसवलेलं असलं तरी असंच होतं, आणि ते मात्र धोक्याचं आहे, वायरमनकडून लगेच चेक करून घ्या. तोपर्यंत प्लगच काढून ठेवा.

डिमरवर लावलेला स्ट्रोब नीट चमकत नाही, कधी कधी जळतो. त्याला सरळ चालू-बंद असाच सप्लाय लागतो, डिमर फक्त डिमेबल माळांना.

पिक्सेल एलईडीवाल्यांचा, म्हणजे ज्या माळेत प्रत्येक एलईडीचा रंग कंट्रोलरने वेगळा बदलता येतो तसल्या माळवाल्यांचा प्रॉब्लेम वेगळा. चेसिंग, इंद्रधनुष्य सगळं मस्त चालतं आणि स्ट्रोब इफेक्ट आला की शेवटचे पिक्सेल पिवळे-लालसर पडतात नाहीतर कंट्रोलर रिसेट होतो. कंट्रोलरला शिव्या घालू नका, स्ट्रोबमध्ये सगळे पिक्सेल एकाच वेळी फुल पांढरे होतात आणि करंट एकदम वर जातो. ५ व्होल्टचा एक पिक्सेल फुल पांढऱ्याला साधारण ६० मिलिअँप घेतो, म्हणजे शंभर पिक्सेलला ६ अँप. १०० पिक्सेल ५ अँपच्या एसएमपीएसवर (माळेला ५ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायवर) चालवत असाल तर हे होणारच. मोठा एसएमपीएस घ्या, दर पन्नासेक पिक्सेलला पॉवरची वेगळी वायर द्या, किंवा सॉफ्टवेअरमध्ये ब्राईटनेस निम्म्यावर आणा, रस्त्यावरून फारसा फरक कळत नाही.

मोबाईलच्या व्हिडिओत स्ट्रोबच्या वेळी अर्धीच फ्रेम उजळलेली दिसते, त्यात लाईटचा दोष नाही. कॅमेरा फ्रेम वरून खाली वाचत जातो आणि फ्लॅश मधेच होऊन जातो. व्हिडिओ घेताना स्ट्रोब बंद ठेवा, म्हणजे तो ग्रुपवर टाकला तरी बघणाऱ्या कुणाला त्रास नाही. फोटो हवा असेल तर मोबाईल गेटच्या खांबावर टेकवून नाईट मोडला चार-पाच सेकंदांचं एक्सपोजर द्या, सगळे स्ट्रोब एकाच फोटोत पेटलेले येतात.