ग्राहकासाठी अॅनिमेशनपट करताना या चुका टाळा

पदविकेच्या अखेरच्या वर्षी आमच्याकडे पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट बाहेरच्या ग्राहकासाठी छोटा अॅनिमेशनपट करतो आणि दर वर्षी नवे विद्यार्थी जुन्याच चुका नव्या उत्साहाने करतात. त्यांत पहिला मान अॅनिमॅटिक टाळण्याचा. स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंग क्रमाने दाखवणाऱ्या कच्च्या आराखड्याची, चित्रे कच्च्या आवाजासह नेमक्या वेळेत लावून पाहण्याचे हे काम जेमतेम दोन दिवसांचे असते. परंतु आपले पात्र कधी एकदा हलताना दिसते, अशी घाई झालेल्यांना तेवढाही धीर नसतो.

एका नगरपरिषदेसाठी ओला व सुका कचरा वेगळा करण्याविषयी ९० सेकंदांचा पट करायचा होता. गटाने संहिता मनातल्या मनात वाचून वेळ ठरवली आणि सेकंदाला २४ फ्रेम, दर चित्र दोन फ्रेम, या हिशेबाने १,०८० चित्रे रंगवून संपवली. त्यानंतर निवेदिकेला बोलावले. २६० शब्दांची ती संहिता नीट ठाय लयीत वाचायला तिला १३० सेकंद लागले, म्हणजे आणखी ४८० चित्रे हवी होती आणि हातात चार दिवस होते. मुलांनी अर्थातच सोपी वाट धरून शॉट ताणले. केळीची साल हिरव्या बादलीत टाकायला निघालेली बाई इतकी संथ झाली की, ‘बाईंना बरं नाही का?’ असे तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारले.

तेव्हापासून मी संहिता उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून तीनदा वाचायला लावतो. मिनिटाला १२० शब्दांहून अधिक होत असतील तर शब्द कापायचे. निवेदकाला पळवायचे नाही. हाच आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून अॅनिमॅटिकला लावावा आणि तो ग्राहकासमोर बसून दाखवावा.

दुसरी चूक मंजुरीची. व्हॉट्सअॅपवर आलेला अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे. बैठकीला येणारा माणूस आणि अंतिम होकार देणारा माणूस बहुधा वेगळे असतात. त्यामुळे हा होकार कोण देणार, हे पहिल्याच भेटीत विचारून अॅनिमॅटिकवर त्याच व्यक्तीची सही घ्यावी. हे विचारायला मुलांना संकोच वाटतो, आणि पुढे सगळे रंगकाम बदलावे लागले की मग रडू येते.

ग्राहकाने युनिकोड (अक्षरांची सर्व संगणकांवर चालणारी सामाईक संकेतपद्धती) नसलेल्या जुन्या फॉन्टमधील मजकूर दिला असेल तर तो सरळ पुन्हा टंकित करावा. रूपांतराच्या आयत्या साधनांवर विसंबल्यास रफार आणि जोडाक्षरे हमखास फसतात.

यूट्यूबवरून उतरवलेले संगीत ‘तात्पुरते’ म्हणूनही लावू नये, कारण ग्राहकाला नेमके तेच आवडते आणि त्याचे हक्क आपल्याकडे नसतात.

शेवटी संगणकाकडून पट तयार करून घेताना (रेंडर करताना) थेट एमपी४ व्हिडिओ काढू नये. प्रत्येक फ्रेमचे वेगळे पीएनजी चित्र, अशी मालिका काढावी, म्हणजे रात्री वीज गेली तरी सकाळी १,९०१व्या फ्रेमपासून पुढे जाता येते.