जड पाणी मऊ करणारा जुना सॉफ्टनर काढून नवीन बसवायचाय? हे आधी वाचा

आमच्याकडं सांगलीत बोअरचं पाणी लई जड, नळाच्या तोंडाला पांढरी खपली धरते, आणि सॉफ्टनरमध्ये मीठ घालूनही साबणाला फेस येईना झाला तेव्हा कळलं की जुन्या सॉफ्टनरचं रेझिन, म्हणजे पाण्यातला जडपणा धरून ठेवणारे आतले मणी, संपलंय.

आधी टाकीकडनं येणारा कॉक बंद करा, विजेचा प्लग काढा, मग खालचा एखादा नळ सोडून पाइपातलं प्रेशर घालवा आणि मगच युनियन (पाइपाचा फिरवून सुटणारा जोड) ढिली करा. जुना सिलिंडर आत पाणी असल्यानं भयंकर जड असतो, एकट्यानं उचलू नका, पाणी काढून दोघांनी धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हॉल्व्हवरचे बाण. इन-आउट उलटं जोडलं तर रेझिनचे बारीक पिवळसर मणी घरातल्या नळांत जाऊ शकतात, म्हणून दोनदा बघा. प्लास्टिकच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा पण पान्यानं जोर लावू नका, चिरतात. बायपास, म्हणजे सॉफ्टनर टाळून पाणी थेट घरात नेणारी वाट, ठेवाच. ड्रेनचा पाइप गटारात बुडवू नका, थोडा वर ठेवा, नाहीतर घाण पाणी उलटं ओढलं जातं.

पाणी एकदम नाही, हळूहळू सोडा, हवा निघू द्या. मीठ सॉफ्टनरसाठीचंच घाला, स्वयंपाकाचं नको. मग एकदा रिजनरेशन (मिठाच्या पाण्यानं रेझिन पुन्हा ताजं करणं) चालवा, आणि सुरुवातीचं रंगीत पाणी वाहू द्या.

तुळशीच्या आणि परसातल्या नळाचा पाइप मात्र सॉफ्टनरच्या आधीच घ्या, सॉफ्टनरमधनं आलेल्या पाण्यात सोडियम वाढतं, झाडांना चालत नाही.