अळीवर बुरशी दिसली म्हणजे बुरशीनेच अळी मारली असे नव्हे: कीटकरोगजनक बुरशीच्या प्रकल्पात या चुका टाळा

बिव्हेरिया, मेटारायझियम आणि व्हर्टिसिलियम ही किडींना रोगी करून मारणाऱ्या, म्हणजे कीटकरोगजनक, बुरशींची नावे नाशिक जिल्ह्यात महाविद्यालयाच्या वर्गापेक्षा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर अधिक वेळा ऐकू येतात. द्राक्षबागेतील पिठ्या ढेकूण, कांद्यावरील फुलकिडे, उसातील हुमणी आणि मक्यावरील लष्करी अळी यांच्यासाठी शेतकरी या बुरशींची पाकिटे विकत घेतात. त्यामुळे कृषी, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रकल्प जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. विषय चांगला आहे आणि महागड्या उपकरणांवाचूनही त्यात नेटके काम करता येते. मात्र असे अहवाल तपासताना एक उणीव निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येते: मेलेल्या किडीवर जी बुरशी सापडली तीच तिच्या मृत्यूचे कारण होती, हे गृहीत धरलेले असते, सिद्ध केलेले नसते. खाली मांडलेल्या बहुतेक चुकांचे मूळ याच गृहीतकात आहे.

हंगाम हुकतो आणि निष्कर्ष चुकतो

पहिली चूक वेळापत्रकाची आहे. विषय ठरेपर्यंत पावसाळा सरतो, दिवाळीनंतर साहित्य जमते आणि नमुने गोळा करायला विद्यार्थी फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात उतरतो. तेव्हा त्याला एकही रोगट अळी मिळत नाही आणि अहवालात ‘या परिसरात कीटकरोगजनक बुरशी आढळत नाही’ असे वाक्य येते. हे वाक्य बुरशीविषयी काहीच सांगत नाही. ते फक्त नमुने केव्हा घेतले ते सांगते. बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, रुजण्यासाठी किडीच्या त्वचेलगत भरपूर ओलावा लागतो, म्हणून या रोगांची साथ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सतत ढगाळ आणि दमट हवेत, दाट वाढलेल्या सोयाबीनमध्ये आणि मक्याच्या पोंग्यात दिसते. उन्हाळ्याचे कोरडे ऊन आणि त्यातील अतिनील किरण पानावरील बीजाणूंना काही तासांत निकामी करतात.

प्रकल्प हिवाळ्यातच सुरू होणार असेल, तर रोगट किडी शोधण्याऐवजी मातीकडे वळावे, कारण बीजाणू मातीत ऊन्हापासून सुरक्षित राहून दीर्घकाळ टिकतात. तेथेही जागा विचारपूर्वक निवडावी लागते. फळछाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी ज्या द्राक्षबागेत बुरशीनाशकांच्या फवारण्या एकामागून एक होतात, त्या बागेतील ओळीची माती आणि त्याच बागेच्या बांधावरील, जेथे नांगर किंवा पंप पोहोचत नाही तेथील माती, यांची तुलना हाच स्वतंत्र आणि अर्थपूर्ण प्रकल्प होऊ शकतो. मातीचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोटारसायकलच्या डिकीत निफाडहून नाशिकपर्यंत उन्हात आणला, तर प्रयोगशाळेत पोहोचते ती अर्धवट भाजलेली माती. नमुना सावलीत, थंड डब्यात आणावा आणि त्याच आठवड्यात वापरावा.

मेलेली अळी वाचता आली पाहिजे

शेतात मेलेली प्रत्येक अळी बुरशीने मेलेली नसते, आणि हा फरक सूक्ष्मदर्शकापूर्वी डोळ्यांनी व चिमट्याने ओळखता येतो. विषाणूने मेलेली घाटेअळी बहुधा झाडाच्या शेंड्याकडे उलटी लटकलेली असते, तिची त्वचा पातळ होते आणि हात लावताच फाटून आतला द्रव बाहेर येतो. जिवाणूने मेलेली अळी काळी, मऊ आणि दुर्गंधीयुक्त होते. बुरशीने मेलेली अळी मात्र टणक होते, तिचा आकार टिकून राहतो, ती खडूच्या तुकड्यासारखी मोडते. रेशमाच्या किड्यांचा असा खडू करणारा रोग सूक्ष्म जीवामुळे होतो, हे इटलीच्या आगोस्तिनो बासी यांनी १८३५ मध्ये दाखवून दिले आणि बिव्हेरिया बॅसियाना या नावातील दुसरा शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे. सूक्ष्म जीव प्राण्याला रोगी करतो याच्या आरंभीच्या पुराव्यांपैकी हा एक पुरावा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले की खडूसारख्या त्या अळीकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते, असा माझा अनुभव आहे.

खरी फसगत होते ती दमट कक्षात. विद्यार्थी शेतातून मेलेली अळी आणतो, पेट्रीडिशमध्ये ओल्या गाळणकागदावर ठेवतो, दोन-तीन दिवसांत तिच्यावर हिरवट बुरशी येते आणि आनंदाने मेटारायझियमची नोंद होते. प्रत्यक्षात ती अनेकदा अ‍ॅस्परजिलस असते. कोणत्याही कारणाने मेलेल्या अळीवर अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, फ्युसेरियम आणि ऱ्हायझोपस या मृतोपजीवी बुरशी सहज वाढतात, कारण त्यांना फक्त अन्न हवे असते. वाढीचा वेग ही येथे पहिली खूण आहे: दोन-तीन दिवसांत सारी प्लेट व्यापणाऱ्या बुरशीविषयी संशय घ्यावा. मेटारायझियमची वसाहत सावकाश वाढते, आधी पांढरी असते आणि नंतर तिच्यावर गर्द हिरवे बीजाणू येतात. दुसरी खूण सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. अ‍ॅस्परजिलसच्या दांड्याच्या टोकाला फुगीर गोळा असतो आणि बीजाणू त्याभोवती लागलेले असतात. मेटारायझियमचे लांबट बीजाणू साखळ्यांनी एकमेकांना चिकटून उभे राहतात. बिव्हेरियाचे गोलसर बीजाणू नागमोडी दांडीवर आळीपाळीने लागलेले दिसतात. अ‍ॅस्परजिलसच्या काही जाती माणसाच्या फुफ्फुसांना अपाय करतात, त्यामुळे अनोळखी हिरवी प्लेट नाकाजवळ धरून उघडण्याची सवय पहिल्या दिवसापासून मोडावी.

यावरचा माझा आग्रहाचा उपाय असा, की मेलेल्या अळ्यांपेक्षा जिवंत अळ्या अधिक गोळा कराव्यात. शेतातून आणलेली प्रत्येक अळी स्वतंत्र डबीत ताज्या पानावर वाढवावी आणि रोज पाहावी. ती मरण्याआधी खाणे केव्हा थांबले, रंग कसा बदलला, मृत्यूनंतर किती दिवसांनी आणि शरीराच्या कोणत्या भागातून बुरशी बाहेर आली, या नोंदी मिळाल्या की पुराव्याचा अर्धा भाग तेथेच तयार होतो. लष्करी अळी आणि घाटेअळी एकत्र ठेवल्यास एकमेकींना खातात, हे विसरून एका बरणीत वीस अळ्या भरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

पृष्ठभागाच्या निर्जंतुकीकरणात दोन्ही टोकांच्या चुका होतात. अळीवर अद्याप बीजाणू आलेले नसतील, तर ती १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक ते दोन मिनिटे बुडवून निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवावी आणि मग दमट कक्षात ठेवावी. आता जे उगवेल ते बहुतांशी शरीराच्या आतून आलेले असेल. शेवटच्या धुवणाचे थोडे पाणी प्लेटवर पसरून पाहिले, तर निर्जंतुकीकरण खरोखर झाले की नाही हेही कळते. अळी आधीच बीजाणूंनी भरलेली असेल, तर तिला धुण्यात अर्थ नाही. निर्जंतुक सुईने बीजाणूंना हलकेच स्पर्श करून ते सरळ बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर न्यावेत.

मातीतून बुरशी पकडताना

मातीसाठी मेणपतंगाच्या, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यांवर जगणाऱ्या पतंगाच्या, अळ्यांचे आमिष लावण्याची पद्धत जर्मन संशोधक त्सिमरमान यांनी १९८६ मध्ये मांडली आणि ती आजही सर्वत्र वापरली जाते. ओलसर मातीच्या डब्यात अळ्या सोडायच्या, डबा अंधारात सुमारे २५ अंशांवर ठेवायचा आणि सुरुवातीचे काही दिवस तो रोज उलटा करायचा, म्हणजे अळ्या मातीतून फिरत राहतात. डबा उलटायचे विसरले की अळ्या वरच्या भागात जाळे विणून बसतात आणि मातीचा संबंधच येत नाही. मेणपतंग न मिळाल्यास कॉर्सिरा, म्हणजे तांदळावरील पतंगाच्या अळ्या चालू शकतात. ट्रायकोकार्ड, म्हणजे शेतात लावायची परोपजीवी ट्रायकोग्रामा किडीची कार्डे, तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत त्या मिळतात.

येथे एक लाल रंगाची गफलत होते. बिव्हेरियाने मेलेली अळी पुष्कळदा गुलाबी किंवा तांबूस दिसते, कारण ही बुरशी ओस्पोरिन नावाचे लाल रंगद्रव्य तयार करते. मातीतील हेटेरोऱ्हॅबडायटिस या सूत्रकृमीने (दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमीने) मारलेली अळीही विटकरी लाल होते. स्पर्शाने फरक कळतो: सूत्रकृमीने मेलेली अळी लिबलिबीत राहते आणि काही दिवसांत तिच्यातून सूत्रकृमी बाहेर पडतात, बुरशीने मेलेली अळी कडक होते. रंग पाहून नोंद करणाऱ्याने आधी चिमट्याने दाबून पाहावे.

स्थानिक प्रजाती की पाकिटातील?

बुरशी मिळाली, शुद्धही झाली, की नाव देण्याची घाई होते. पांढरी म्हणून बिव्हेरिया बॅसियाना आणि हिरवी म्हणून मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली, असे लिहिणे आता मान्य होत नाही. सूक्ष्मदर्शकाने वंशापर्यंत ओळख पटते. जातीसाठी डीएनए लागतो आणि त्यातही डीएनएचा केवळ आयटीएस हा भाग तपासायला पाठवून आलेला ९९ टक्के साम्याचा निकाल पुरेसा नसतो, कारण या दोन्ही वंशांतील जवळच्या जाती त्या भागावरून वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी टीईएफ या जनुकाचा भाग तपासावा लागतो. तेवढा निधी नसेल तर ‘बिव्हेरिया वंशातील बुरशी’ असे प्रामाणिकपणे लिहावे; त्याने अहवालाची किंमत कमी होत नाही. जुनी नावेही तपासून घ्यावीत: अळ्यांवरील जी बुरशी जुन्या पुस्तकांत नोमुरिया रिलेई म्हणून भेटते, तिला २०१४ पासून मेटारायझियम रिलेई म्हणतात.

नाशिकच्या संदर्भात याहून मोठा धोका वेगळाच आहे. ज्या बागेतून माती घेतली, तेथे शेतकऱ्याने खरड छाटणीनंतर, म्हणजे द्राक्ष काढणीनंतरच्या छाटणीनंतर, ठिबकमधून मेटारायझियम सोडलेले असू शकते. अशा बागेतून मिळालेल्या बुरशीला ‘स्थानिक’ म्हणणे म्हणजे दुकानातील पाकिटाला मातीचे नाव देणे होय. नमुना घेताना मागील दोन-तीन वर्षांत कोणती जैविक आणि कोणती रासायनिक औषधे वापरली, हे शेतकऱ्याला विचारून वहीत लिहावे. पाच मिनिटांचा हा प्रश्न जवळजवळ कोणत्याच अहवालात आढळत नाही.

बीजाणूंची मोजणी

या बुरशींचे बीजाणू पाण्याला दाद देत नाहीत. साध्या पाण्यात ते गोळे करून तरंगतात आणि मोजणी कितीही काळजीपूर्वक केली तरी आकडा खोटा येतो. पाण्यात ०.०२ ते ०.०५ टक्के ट्वीन ८० हा साबणासारखे काम करणारा द्रव घालून मिश्रण नीट हलवावे आणि कापडातून गाळून तंतू वेगळे करावेत. मोजणीसाठी चौकोन आखलेल्या न्यूबॉअर काचेवर मधल्या मोठ्या चौकोनाच्या २५ पैकी ५ घरांत मोजणी केली असेल, तर आलेला आकडा ५ ने आणि मग १० हजारांनी गुणावा लागतो. समजा, मूळ मिश्रण शंभरपट विरळ करून ५ घरांत २०० बीजाणू मिळाले. २०० गुणिले ५ गुणिले १० हजार म्हणजे १ कोटी, आणि विरळीकरणाचे १०० धरून मूळ मिश्रणात दर मिलिलिटरला १०० कोटी बीजाणू. शेवटचा १०० विसरला की पुढचा सगळा प्रयोग शंभरपट चुकीच्या मात्रेवर उभा राहतो.

मोजलेले बीजाणू जिवंत आहेत का, ही वेगळी तपासणी आहे. आगर या घट्ट माध्यमाच्या पातळ थरावर थोडे मिश्रण पसरून २५ अंशांवर १८ ते २४ तासांनी किती बीजाणूंना अंकुर फुटला ते मोजावे. उगवण ९० टक्क्यांहून कमी असेल तर ते कल्चर, म्हणजे माध्यमावर वाढवलेली ती बुरशी, अळ्यांवरील चाचणीसाठी वापरू नये. विकतची पाकिटे तपासणाऱ्यांनी तर ही चाचणी पहिल्या दिवशीच करावी, कारण पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मे काढलेल्या पाकिटात बीजाणू मोजायला भरपूर असतात, रुजायला फारसे नसतात.

चाचणीत काय बिघडते

अळ्यांना बीजाणू देऊन त्या किती मरतात हे पाहण्याच्या चाचणीत, तुलनेसाठी ठेवलेल्या नियंत्रण गटातील अळ्यांना काहीच न देणे ही इतकी रूढ चूक आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे. त्या अळ्यांनाही ट्वीन घातलेले, परंतु बीजाणू नसलेले पाणी त्याच रीतीने दिले पाहिजे. अन्यथा बुडवणे, हाताळणे आणि ट्वीन यांचा परिणाम बुरशीच्या नावावर जमा होतो. नियंत्रणातही काही अळ्या मरतातच, म्हणून १९२५ चे अ‍ॅबट यांचे सूत्र वापरतात: बुरशी दिलेल्या गटात ७० टक्के आणि नियंत्रणात १० टक्के मृत्यू असतील, तर (७० वजा १०) भागिले (१०० वजा १०), म्हणजे दुरुस्त मृत्युदर ६६.७ टक्के. नियंत्रणातील मृत्यू २० टक्क्यांच्या पुढे गेले तर सूत्र लावत बसू नये, प्रयोग पुन्हा करावा. एका डब्यातील ३० अळ्या म्हणजे ३० पुनरावृत्ती नव्हेत, हेही सांख्यिकीच्या तक्त्याआधी लक्षात घ्यावे.

नियंत्रण ठीक आहे आणि तरीही बुरशी दिलेल्या अळ्या मरत नाहीत, अशी तक्रार घेऊन विद्यार्थी येतो तेव्हा मी तीन गोष्टी विचारतो. अळ्या कात टाकण्याच्या बेतात होत्या का? तसे असेल तर त्वचेतून आत शिरण्यापूर्वीच बीजाणू जुन्या कातेसोबत गळून गेले. खोलीचे तापमान किती होते? ३२ ते ३५ अंशांच्या पुढे बुरशीच्या बहुतेक वाणांची वाढ मंदावते, आणि उन्हाळ्यात दुपारी वीज गेलेली प्रयोगशाळा सहज तेथे पोहोचते. उलट निफाडच्या जानेवारीतील थंड रात्रीही बुरशीला मानवत नाहीत. तिसरा प्रश्न कल्चर कितव्यांदा माध्यमावर बदलले याचा असतो, कारण पुन्हा पुन्हा केवळ आगरवर वाढवलेल्या बुरशीची मारकशक्ती घटते. अशा वेळी तिला एकदा अळीतून फिरवून आणावे आणि नव्याने मिळालेल्या कल्चरवर काम करावे.

चाचणीत मेलेली प्रत्येक अळी धुऊन दमट कक्षात ठेवावी आणि तिच्यावर तीच बुरशी आली का ते पाहून वेगळ्या रकान्यात लिहावे. ‘मेलेल्या अळ्या’ आणि ‘बुरशी बाहेर आलेल्या अळ्या’ हे दोन आकडे वेगळे ठेवणारा अहवाल मी आधी वाचायला घेतो. शुद्ध कल्चर अळीला देऊन तोच रोग उत्पन्न होणे आणि मेलेल्या अळीतून तीच बुरशी पुन्हा मिळणे, हे रोगाचे कारण सिद्ध करण्याच्या कॉख यांच्या निकषांतील टप्पे याच रकान्यात पूर्ण होतात.

काम संपल्यावर प्लेट आणि अळ्या १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करूनच, टाकाव्यात. येवल्याकडे किंवा अन्यत्र घरी रेशीम कीटकांचे संगोपन करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतील अ‍ॅप्रन आणि वही त्या खोलीत नेऊ नये. बासी यांना जो रोग सापडला तो तेथे अजूनही तितकाच घातक आहे. चांगले कल्चर फ्रीजच्या कोपऱ्यात वाळू देण्याऐवजी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करण्याविषयी मार्गदर्शकांशी बोलावे, आणि जमा करताना गाव, पीक, कीड व तारीख यांच्यासोबत त्या शेतातील फवारणीची नोंदही द्यावी.