लग्नाच्या वहीत देवाचा खर्च वेगळा लिहा, भावकीचा वेगळा

घरात लग्न निघालं की पहिलं काम म्हणजे एक वही घ्यायची आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडं देवाचं, उजवीकडं लोकांचं. डावीकडं काय येतं तर गुरुजींची दक्षिणा, देवक, हळद, कुलदैवताची ओटी, जागरण-गोंधळ, कुणी नवस बोललेला असेल तर तो. उजवीकडं हॉल, बस्ता, मानपानाचे कपडे, डेकोरेशन, डीजे, फोटोवाला, पंगत, सोनं. बेरीज करून बघा.

आम्ही हे केलं नाही म्हणून सांगतोय. बहिणीच्या लग्नाला, मे महिन्यात, तीन लाख कमी पडले आणि सावकाराकडनं शेकडा तीननं उचलले, म्हणजे महिन्याला ९,००० नुसतं व्याज, वर्षाला १,०८,०००, मुद्दल तसंच उभं. तेव्हा घरात एकच वाक्य चालायचं, देवाधर्माचं काम हाय, हात आखडता कसा घ्यायचा. नंतर रिकामा बसून हिशोब मांडला तर देवाचा सगळा खर्च गोंधळासकट २१ हजाराच्या आत होता. बाकी सगळं भावकीसाठी, आणि भावकीनं जाताना बुंदी कच्ची होती म्हणून नाव ठेवलंच.

आता मुहूर्त. खरं कर्ज इथंच ठरतं, आणि हे मला लई उशिरा कळलं. गुरुजींना एक तारीख विचारूच नका, "तुळशीच्या लग्नापासून अक्षय तृतीयेपर्यंत दोघांना जुळणाऱ्या सगळ्या तारखा काढून द्या" म्हणा, ते देतात, त्यांना काय अडचण नसते. मग त्या तारखा शेतापुढं ठेवा. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं आणि तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, डिसेंबरच्या मध्यापर्यंत, तेव्हा हातात पैसा असतो. पुढं धनुर्मास, पौष, तेव्हा लग्न लावत नाहीत, मग जानेवारी-फेब्रुवारीत तूर येते आणि माघ-फाल्गुनाचे मुहूर्तही मिळतात. मे मधलं लग्न म्हणजे पेरणीच्या पैशावरचं लग्न, कारण जूनमधी बियाणं-खताला परत कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. लेकरांना सुट्ट्या असतात म्हणून मे धरतात, बाकी काय कारण नाही त्याला. पंचांग तेच, गुरुजी तेच, फक्त तारीख आपण निवडायची.

आणि धोंड्याचा महिना विसरू नका. तो साधारण पावणेतीन वर्षांनी येतो, २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नसतात पण जावयाला वाण असतं, ३३ अनारसे, कपडे, आणि काही घरात अंगठीची वाट बघतात. लग्नानंतर पहिलाच धोंडा येणार असेल तर तो वहीत आत्ताच उजवीकडं लिहून ठेवा (अनारसे तेवढे डावीकडं).

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना देव आहे की नाही हा वाद घालायचा नाही, त्यात रात्र जाते आणि खर्च तेवढाच राहतो. एवढंच विचारा, "आबा, हे तुळजाभवानीनं मागितलंय का भावकीनं?" आमचे आबा माळकरी, दरवर्षी आषाढीला पंढरपूर. डीजे रद्द करायचा म्हटल्यावर मला वाटलं चिडतील, तर तेच म्हणाले, "कशाला पाहिजे ते धिंगाणं, भजन ठेवा." घरात माळकरी असेल तर तो तुमचा सगळ्यात मोठा आधार. फक्त डीजेऐवजी नावाजलेल्या बुवाचं कीर्तन ठरवणार असाल तर मानधन आधी विचारा, कधी कधी डीजे स्वस्त पडतो.

शेजारी बघून पण शिकता येतं. माझ्या एका मित्राच्या घरी व्याज हराम, घेणं पण आणि देणं पण, म्हणून त्यांनी भिशी लावली आणि निकाह आठ महिने पुढं ढकलला. तेव्हा आम्ही हसलो होतो, पुढच्या वर्षी सावकाराच्या दारात कोण बसलं होतं ते वर सांगितलंच. बौद्ध दोस्तांकडं मुहूर्तच बघत नाहीत, त्यामुळं पैसा आला की तारीख धरता येते, मात्र सगळ्यांना रविवारच पाहिजे असतो आणि रविवारी हॉलचा भाव चढलेला असतो.

यादीच्या बैठकीत काय लिहायचं ते नीट ऐका. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ च्या कायद्यानं गुन्हा, मग तो "देवाला साक्षी ठेवून" ठरला तरी. पण नवरी-नवरदेवाला जे भेट म्हणून मिळतं त्याची दोन्हीकडच्या सह्यांची यादी ठेवायला १९८५ चे नियमच सांगतात, ती ठेवा, सोन्याच्या पावत्या पोरीच्या नावावर घ्या आणि तिच्याच जवळ राहू द्या. दोन्ही घरं तयार असतील तर यादीपे शादी करून टाका, त्याच मांडवात अक्षता, गुरुजी पण तेच, देवाचं काहीच कमी होत नाही. पत्रिकेत दोष निघाला आणि शांती सांगितली तर एकूण किती लागतील ते सुरुवातीलाच विचारायचं, लाजायचं नाही. आणि सावकार जमिनीचं खरेदीखत करून मागत असेल तर तिथूनच उठा, २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या, सहकार खात्यातल्या सहायक निबंधकाकडं तक्रार करता येते.

लग्न लागलं की गावातच ग्रामपंचायतीत नोंदणी करून दाखला घ्या, पुढं तो कामाला येतो.

राहिलं तुळजापूर. जोडप्याला दर्शनाला न्यायचंच, त्यात काटकसर करू नका, पण त्यासाठी तीन क्रुझर ठरवायची गरज नाही. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ च्या पुढच्यांना फुकट. आमची आजी सगळ्यात पुढच्या सीटवर बसून गेली, ओटीचं सामान मांडीवर घेऊन.