लिव्हर-ॲक्शन रायफलीवर लांब आय रिलीफचा स्कोप: या चुका टाळा

लिव्हर-ॲक्शन म्हणजे ट्रिगरखालची कडी (लिव्हर) खाली-वर करून काडतूस भरायची रायफल. आधी मॅगझिन आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामं करा. ट्यूब मॅगझिनमध्ये (नळीखालच्या काडतुसांच्या लांब नळकांड्यात) एखादं काडतूस अडकून राहू शकतं, म्हणून लिव्हर दोन-चारदा चालवून चेंबरमध्ये बोट घालून पाहाच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्कोप निवडताना. आय रिलीफ म्हणजे पूर्ण चित्र दिसायला डोळा स्कोपपासून जितका लांब हवा ते अंतर. स्काउट स्कोपचा, म्हणजे पुढे नळीवर बसवायच्या स्कोपचा, आय रिलीफ साधारण 9 ते 12 इंच असतो, पिस्तूल स्कोपचा त्याहून बराच जास्त. पिस्तूल स्कोप नळीवर बसवला की चित्राभोवती काळी कड येते आणि दोष मात्र स्कोपला दिला जातो. स्कोप धरणाऱ्या रिंग सैल ठेवा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे सरकवा. मान ताणावी लागली तर जागा चुकलीय. झूम असेल तर हे सर्वांत मोठ्या पॉवरवर करा, कारण तिथेच आय रिलीफ कमी होतो.

जुन्या विंचेस्टर 94 मध्ये रिकामं केस (काडतुसाचं कवच) वर उडतं, त्यामुळे रिसीव्हरच्या (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या भागाच्या) वर स्कोप ठेवता येत नाही. त्यावर नळीवरचा माउंट हा सरळ उपाय. मार्लिन 336 बाजूने केस टाकते, तिथे ही अडचण नाही.

रेलच्या, म्हणजे रिंग जिच्यावर बसतात त्या पट्टीच्या, स्क्रूकडे दुर्लक्ष नको. मार्लिनच्या रिसीव्हरला 8-40 चे आटे (पहिला आकडा स्क्रूच्या जाडीचा क्रमांक, दुसरा दर इंचातले आटे), इतर बऱ्याच रायफलींना 6-48 चे. स्क्रू बोटाने दोन-तीन फेरे सहज फिरला नाही तर जोर लावू नका. लांब स्क्रू आत जाऊन बोल्टला घासतो. प्रत्येक स्क्रू घट्ट केल्यावर लिव्हर चालवा, अडकलं तर शेवटचा स्क्रू काढून लांबी तपासा. आट्यातलं तेल आधी पुसा, मग निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब. लाल लावलं तर पुढे तापवल्याशिवाय स्क्रू निघणार नाही. मागची साइट काढायची असेल तर पितळी पंचने डावीकडून उजवीकडे ठोका.

रिंगचे स्क्रू 15 ते 18 इंच-पाउंड पुरेत, आणि दोन्ही बाजूंची फट सारखी राहायला हवी. जास्त आवळलं की स्कोपच्या ट्यूबवर खळगा पडतो.

लिव्हर-ॲक्शनचं रिसीव्हर मागून बंद, त्यामुळे नळीतून डोकावून जुळवणी होत नाही. नळीच्या तोंडाला लावायचा कोलिमेटर (नेम जुळवायला आत खूण दाखवणारं उपकरण) किंवा लेझर वापरा, मग 25 यार्डांवर गोळ्या मारा. एमओए हे कोनाचं माप, 100 यार्डांवर साधारण एक इंच. पाव एमओएच्या टरेटला (स्कोपवरच्या नेम जुळवायच्या बटणाला) 25 यार्डांवर एका इंचासाठी 16 क्लिक लागतात. चार क्लिक फिरवून 'काही हलतच नाही' म्हणणारे बरेच.

गोळ्या तरीही विखुरतात? नळी सॅंडबॅगवर टेकली आहे का पाहा. टेकायला हवा तो फोरएंड, म्हणजे नळीखालचा पुढचा लाकडी भाग. सूर्य पाठीमागे असताना आयपीस (डोळ्याकडची काच) पांढरं पडतं, कारण डोळा दूर असल्याने मागचा उजेड थेट काचेवर येतो. ही स्कोपची खराबी नाही, या बांधणीचा स्वभावच आहे, आणि रबरी हूडने तो थोडाच कमी होतो.