अपक्ष लढून हरल्यावर वरच्या निवडणुकीला पुन्हा उभे राहावे का, हे कसे ठरवावे

ज्याच्यामागे पक्ष नाही, साखर कारखाना नाही, दूध संघ नाही आणि आमदारकीचा घरचा वारसाही नाही, अशा माणसाने विधानसभा लढवली, तो हरला, पण मते बऱ्यापैकी पडली, की निकालाच्या संध्याकाळीच कार्यकर्ते सांगू लागतात, ‘साहेब, आता थेट खासदारकी.’ तो उत्साह खोटा नसतो. मात्र त्या गर्दीत घेतलेला निर्णय बहुधा पुढची पाच वर्षे महागात पडतो. निकालानंतर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत, हिशेब सादर करावा, देणी चुकती करावीत आणि मगच कागद घेऊन बसावे. कोणते कागद पाहावेत, ते कसे वाचावेत आणि त्यावरून निर्णयाप्रत कसे यावे, हे येथे महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे मांडले आहे.

पहिली तपासणी कायद्याची असून ती एका दिवसात उरकते. निकाल जाहीर झाल्यापासून ३० दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. तो न देणारा किंवा नियमानुसार न देणारा उमेदवार, त्याच्याकडे योग्य कारण नसल्यास, तीन वर्षांसाठी अपात्र ठरवला जाऊ शकतो. हरलेले अनेक उमेदवार इथेच गाफील राहतात. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेली असल्यास शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतरची सहा वर्षे लढता येत नाही. अपक्षाच्या अर्जावर त्याच मतदारसंघातील दहा सूचकांच्या, म्हणजे नाव सुचवणाऱ्या मतदारांच्या, सह्या लागतात, तर मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो. अनामत रक्कम विधानसभेला १०,००० आणि लोकसभेला २५,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी आहे. यांपैकी कशात अडचण नसेल, तर खऱ्या प्रश्नाकडे वळावे.

तो प्रश्न असा की, पडलेली मते नेमकी कोणाची होती? एकूण आकडा याचे उत्तर देत नाही. त्यासाठी नमुना २० पाहावा लागतो, म्हणजे प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली, याचे अंतिम निकालपत्रक. हा तक्ता मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात साधारणपणे केंद्राचा क्रमांकच असतो, गावाचे नाव नसते; म्हणून मतदान केंद्रांची यादी शेजारी ठेवून प्रत्येक क्रमांकापुढे गाव, वाडी किंवा प्रभाग स्वतःच्या हाताने लिहावा. काम कंटाळवाणे आहे, पण ते कार्यकर्त्यावर सोपवू नये, कारण लिहिता लिहिताच पुष्कळ गोष्टी उलगडतात.

मग त्याच वहीत आणखी दोन रकाने आखावेत. पहिल्यात त्या केंद्रावर आपला प्रतिनिधी सकाळच्या अभिरूप मतदानापासून (मतदानाआधी यंत्राची घेतली जाणारी चाचणी) यंत्र मोहोरबंद होईपर्यंत बसला होता का, हे लिहावे. दुसऱ्यात निवडणुकीच्या आधी, म्हणजे प्रचाराव्यतिरिक्त, त्या गावात आपण कोणते काम केले होते, हे लिहावे. दोन्ही रकाने खरे भरावेत. ‘एजंट होता, पण जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही’ असे असेल, तर ‘नाही’ असेच लिहावे. त्यानंतर केंद्रांचे तीन गट आपोआप पडतात: आपले गाव आणि भोवतालची पाव्हण्यारावळ्यांची गावे; जिथे कार्यकर्ता उभा होता ती गावे; आणि जिथे आपण किंवा आपला माणूस फिरकलाही नाही ती गावे.

माझ्या मते तिसरा गट सर्वांत बोलका असतो. जिथे कोणी गेले नाही, टेबल लागले नाही, चिठ्ठ्या वाटल्या गेल्या नाहीत, तिथेही शंभरातील आठ-दहा मते पडली असतील, तर उमेदवाराचे नाव किंवा त्याचा मुद्दा स्वतःच्या पायांनी चालत तिथवर पोहोचला आहे. वरच्या निवडणुकीसाठी याहून मोलाचे भांडवल नाही. याउलट निम्म्याहून अधिक मते पहिल्याच गटातून आली असतील आणि बाकीच्या केंद्रांवर एकअंकी आकडे असतील, तर तो पाठिंबा गावकीचा आणि भावकीचा आहे. तो खोटा नव्हे, त्यावर जिल्हा परिषदेचा गट, म्हणजे तिथला मतदारसंघ, जिंकता येतो, परंतु लोकसभेच्या मतदारसंघात तो समुद्रात टाकलेल्या मिठाच्या खड्यासारखा विरघळून जातो. दुसऱ्या गटातील, म्हणजे प्रतिनिधी असलेल्या केंद्रांची, शेजारच्या प्रतिनिधी नसलेल्या केंद्रांशी तुलना करावी. त्यांत मोठा फरक दिसला, तर आपल्याला कमी पडली ती माणसे, मतदार नव्हे, असे समजण्यास जागा आहे आणि ही उणीव वेळ दिल्यास भरून काढता येते.

मते स्वतःची की उसनी, हे पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे चिन्हाचा आणि नावाचा गोंधळ. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी मतदारसंघात ‘पिपाणी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या चिन्हावर लढलेल्या एका अपक्षाला लाखाहून अधिक मते पडली. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या शरद पवार गटाच्या राष्ट्रवादीच्या चिन्हावर लढलेल्या आणि विजयी झालेल्या उमेदवाराचे आडनावही तेच होते. साताऱ्यात याच चिन्हावरील अपक्षाची मते विजयाच्या अंतराहून अधिक भरली. अशा लाखभर मतांच्या भरवशावर पुढची निवडणूक लढवणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने आलेली मनिऑर्डर खर्चून टाकण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट आघाडीच्या पाठिंब्याची. हातकणंगले येथे राजू शेट्टी यांना २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यासह सुमारे ४ लाख ९० हजार मते मिळाली आणि तरीही ते हरले; २०२४ मध्ये ते एकटे लढले तेव्हा हा आकडा १ लाख ८० हजारांच्या आसपास आला आणि ते तिसऱ्या क्रमांकावर गेले. ऊसदराच्या आंदोलनातून उभा राहिलेला, दोनदा खासदार झालेला नेता असूनही ही घसरण झाली. दोन आकड्यांमधील सगळीच तफावत आघाडीची होती असे नाही, पाच वर्षांत इतरही बरेच काही बदलते; पण मागच्या वेळी कोणाचा उघड किंवा छुपा पाठिंबा होता आणि तो पुढच्या वेळी असणार आहे का, हा प्रश्न प्रत्येक अपक्षाने स्वतःला विचारलाच पाहिजे. विशेषतः एखाद्या पक्षाच्या नाराज गटाने ‘आतून’ काम केले असेल, तर ती मते त्या गटाची समजावीत. त्याची नाराजी मिटली की ती परत जातात.

‘अपक्षही निवडून येतात’ हे वाक्य या टप्प्यावर हमखास ऐकू येते आणि ते खरेही आहे. महाराष्ट्र विधानसभेत २००९ मध्ये २४, २०१४ मध्ये ७, २०१९ मध्ये १३ आणि २०२४ मध्ये अवघे २ अपक्ष निवडून आले. परंतु हे विजयी अपक्ष कोण होते, हेही पाहावे. त्यांतील पुष्कळ जण उमेदवारी नाकारलेले बंडखोर होते, म्हणजे पक्षाची यंत्रणा त्यांच्या हाताखालची होती, फक्त चिन्ह वेगळे होते. सांगलीत विशाल पाटील २०१९ मध्ये शेट्टी यांच्या स्वाभिमानी पक्षाच्या चिन्हावर हरले आणि २०२४ मध्ये अपक्ष म्हणून लिफाफा हे चिन्ह घेऊन सुमारे लाखभर मतांनी जिंकले. दुसऱ्यांदा लढून जिंकल्याचे हे ठळक उदाहरण. पण ते माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांचे नातू आहेत आणि जिल्ह्यातील काँग्रेसचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने त्यांच्यामागे होते. चंदगडला शिवाजी पाटील २०१९ मध्ये अपक्ष म्हणून थोडक्यात हरले आणि २०२४ मध्ये त्याच जागेवरून अपक्षच निवडून आले. त्यांनी मतदारसंघ बदलला नाही आणि पायरीही बदलली नाही, ही बाब नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

आता पायरी बदलली की काय होते, याचे गणित मांडावे. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. विधानसभेला साधारण साडेतीनशे मतदान केंद्रे धरली, तर लोकसभेला एकवीसशे होतात. प्रत्येक केंद्रावर आत एक आणि बाहेर टेबलावर एक माणूस धरला, तरी ४,२०० माणसे लागतात, आणि त्यांचा चहा, नाश्ता, जेवण व गाडीचे इंधन एकाच दिवशी पुरवावे लागते. अनामत वाचवण्यासाठी एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते लागतात. विधानसभेला दोन लाख वैध मते असतील, तर ३३ हजारांच्या वर मते पडताच अनामत वाचते. लोकसभेला बारा लाख वैध मते असतील, तर तीच मर्यादा दोन लाखांवर जाते. म्हणून विधानसभेला तीस हजार मते घेणारा उमेदवार चर्चेचा विषय होतो आणि तीच तीस हजार मते लोकसभेला घेतली, तर त्याच्यावर ‘मते खाणारा’ असा शिक्का बसतो. हा शिक्का पुसायला फार काळ लागतो.

पैशाचा विचार कुटुंबासमोर, मोकळेपणाने करावा. मोठ्या राज्यांसाठी २०२२ पासून खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये आहे. पक्षाचा उमेदवार आणि अपक्ष यांना ती सारखीच लागू असली, तरी पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर केलेला खर्च आणि नामांकित प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात पडत नाही. अपक्षाची मात्र प्रत्येक पताका त्याच्याच हिशेबात चढते. शिवाय राजकीय पक्षाला देणगी देणाऱ्याला प्राप्तिकरात वजावट मिळते, अपक्ष उमेदवाराला देणाऱ्याला मिळत नाही. मागच्या वेळचा खर्च तीन रकान्यांत मांडावा: लोकांनी दिलेला, स्वतःचा आणि उसना. शेट्टी यांच्या निवडणुकांत ‘एक व्होट, एक नोट’ या हाकेला शेतकऱ्यांनी दिलेला प्रतिसाद महत्त्वाचा होता तो केवळ रकमेमुळे नव्हे. ज्याने दहा रुपये दिले, तो मतदानाच्या दिवशी इतरांनाही घराबाहेर काढतो. लोकांनी दिलेला रकाना जवळजवळ रिकामा असेल आणि जमीन गहाण ठेवून पुढची निवडणूक लढवावी लागणार असेल, तर माझे उत्तर ‘उभे राहू नये’ असेच आहे, मग मते कितीही पडलेली असोत.

चिन्हाच्या बाबतीतही अपक्षाचे हात बांधलेले असतात. मुक्त चिन्हांतून तीन पसंती द्याव्या लागतात, चिन्ह माघारीची मुदत संपल्यावर हाती येते आणि कायद्याने माघार व मतदान यांत किमान १४ दिवसांचे अंतर पुरेसे मानले आहे. त्यातही शेवटचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. साधारण दोन आठवड्यांत सहा तालुक्यांतील लोकांच्या डोळ्यांत नवे चिन्ह भरवायचे, हे विधानसभेला जमते, लोकसभेला फार थोड्यांना जमते. मागच्या वेळचे चिन्ह पुन्हा मिळेलच, असेही गृहीत धरू नये.

मग पायरी कोणती निवडावी? बच्चू कडू २००४ मध्ये अमरावती लोकसभेला अपक्ष लढून हरले आणि त्याच वर्षी अचलपूरमधून विधानसभेवर निवडून आले. मोठ्या मैदानात मिळालेली ओळख लहान मैदानात कामी येते, हे त्यातून दिसते. पण त्यासाठी दोन निवडणुका काही महिन्यांच्या अंतराने याव्या लागतात आणि पदरी आधीची चळवळ असावी लागते. शेट्टी जिल्हा परिषद, मग २००४ मध्ये शिरोळची आमदारकी आणि २००९ मध्ये खासदारकी, असे पायरीपायरीने गेले. ज्याच्या नमुना २० मध्ये जिल्हा परिषदेचे एकदोन गट किंवा पंचायत समितीचे गण भक्कम दिसतात, त्याने स्वतः किंवा आपल्या चार-सहा माणसांनी जिल्हा परिषद आणि पंचायत समिती लढवणे, हीच लोकसभेची खरी पूर्वतयारी होय. शिक्षित, नोकरदार वर्गात ज्याचे काम आहे, त्याने विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचाही विचार करावा. तेथे वयाची अट ३० वर्षांची आहे, मतदान पसंतीक्रमाने होते आणि मतदारनोंदणी दर वेळी नव्याने करावी लागते, त्यामुळे वर्षभर आधी घरोघर अर्ज भरून घेणाऱ्याला पक्षाविना वाव मिळतो.

पुढच्या निवडणुकीपर्यंत मतदारसंघ आहे तसा राहील का, हाही विचार सोडू नये. जनगणनेनंतरची पुनर्रचना आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीतील महिलांचे एकतृतीयांश आरक्षण यांमुळे सीमा बदलू शकतात, जागा राखीव होऊ शकते. म्हणून ताकद एखाद्या जागेवर नव्हे, तर सलग गावांच्या पट्ट्यात उभी करावी.

हे सगळे पाहून झाल्यावर निर्णय लेखी करावा आणि तो चार अशा माणसांना वाचून दाखवावा, ज्यांना आपल्या उभे राहण्यातून काहीही मिळणार नाही. वाटाघाटी सुरू असतील, तर कोणाशी आणि कशासाठी, हे निदान त्या चौघांना तरी माहीत असावे. अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात प्रवेश केल्यास पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व जाते, हेही कार्यकर्त्यांना आधीच सांगावे, कारण ‘निवडून या, मग बघू’ हा सल्ला याच माहितीअभावी दिला जातो. लढायचे ठरले, तर किमान दीड वर्ष आधी जाहीर करावे. लढायचे नाही असे ठरले, तर तेही तितक्याच लवकर, कारणांसह आणि ज्या गावांनी मते दिली त्या गावांत जाऊन सांगावे. अर्ज भरून माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो काढून घेतला, तर कारण कितीही खरे असले, तरी संध्याकाळपर्यंत पारावर ‘सेटिंग झाली’ एवढेच बोलले जाते.